डाव टिकतो कशावर?

आज आपण 'डार्कॉन' नावाच्या एका माहितीपटाबद्दल बोलणार आहोत. २००६ सालचा हा चित्रपट अँड्र्यू नील आणि ल्यूक मेयर या दोघांनी मिळून दिग्दर्शित केला आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या आसपास याच नावाचा एक खेळ खेळला जातो, त्याच्या खेळाडूंवर तो आहे. या प्रकारच्या खेळाला 'लार्प' म्हणतात. म्हणजे काय, तर चांगली मोठी, नोकरीधंदा करणारी माणसं वेश करून मैदानात उतरतात. प्रत्येकानं एकेक पात्र घेतलेलं असतं. संहिता नसते, पुढे काय होणार ते खेळता खेळता ठरतं. आणि बघायला बाहेरचं कुणी नसतं, जे आहेत ते सगळे आतलेच.

डार्कॉनमध्ये या माणसांची 'राष्ट्रं' आहेत. नकाशावर षटकोनी तुकडे पाडलेत, आणि ते मिळवायचे कसे, तर फोम गुंडाळलेल्या तलवारींनी मैदानात लढून. चित्रपटाचा नायक बॅनॉर हा लॅकोनिया नावाच्या राष्ट्राचा पुढारी. एरवी हा गृहस्थ घर सांभाळतो. त्याच्यासमोर मॉर्डमचं बलाढ्य साम्राज्य आणि त्याचा नेता केल्डार. बॅनॉर लहान राष्ट्रांची मोट बांधतो आणि मॉर्डमविरुद्ध उभा राहतो. कथानक एवढंच.

आधी चांगलं सांगतो. या माणसांची टिंगल करणं फार सोपं होतं, बरं का. दिग्दर्शकांनी ते केलेलं नाही. चिलखत घातलेला माणूस आणि स्वयंपाकघरातला तोच माणूस, दोघांकडे कॅमेरा सारख्याच आदरानं बघतो. रोजच्या नोकरीत कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसाला इथे शब्दाची किंमत मिळते, हे चित्रपट नीट दाखवतो.

माझं भांडण पुढे आहे. ही माणसं एकमेकांना इतकी का धरून राहतात, या प्रश्नाला चित्रपट एक उत्तर देतो: समान शत्रू. मॉर्डम आहे म्हणून लॅकोनिया एकजूट. आणि मग लढाया अगदी युद्धपटासारख्या, संगीत वगैरे घालून दाखवल्या जातात. वार करणारा डोळ्यांत भरतो. ज्याला वार लागला त्याचं काय?

इथे जरा थांबू. फोमच्या तलवारीनं कुणी मरत नाही. मग मेला कोण, हे ठरवतं कोण? शंभर माणसं एकमेकांवर धावून गेल्यावर प्रत्येक घावावर नजर ठेवायला पंच आणणार कुठून? म्हणून अशा लढाऊ खेळांतला मूळ नियम असा, की घाव ज्याला लागला त्यानंच तो मान्य करायचा. दुसऱ्या कुणी पाहिलेलं नसतं. त्यानं म्हणायचं, 'लागला', आणि बाजूला व्हायचं. सगळं साम्राज्य, नकाशा, तह, या एका शब्दावर उभं आहे!

आपण लहानपणी याला काय म्हणायचो? जो म्हणत नाही तो 'रडी खातो'. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यानं १९३८ च्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात दोन माणसांत भेद केला आहे: खेळात फसवणारा आणि खेळ मोडणारा. फसवणारा निदान नियम पाळतोय असं दाखवतो, म्हणून समाज त्याला सांभाळून घेतो. डाव उधळणाऱ्याला मात्र क्षमा नाही. भेद मार्मिक आहे. पण मला यात तिसरा माणूस घालावासा वाटतो: कुणी पाहिलं नसताना 'लागला' म्हणून खाली बसणारा. गट बांधणारा खरा माणूस हा. चित्रपटात तो पार्श्वभूमीला पडलेला असतो.

आता गट सुरू कसा होतो ते बघा. लार्पची थोरली बहीण म्हणावी अशी एक संस्था आहे, 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम'. १ मे १९६६ रोजी बर्कलीत एका घराच्या परसात मध्ययुगीन वेशातली एक मेजवानी झाली, तिच्यातून ही निघाली. शपथ नाही, घटना नाही. नावसुद्धा नंतर आलं, कारण बाग वापरायच्या परवानगीच्या अर्जावर संस्थेचं नाव लिहावं लागतं! (हशा) पुढे त्यांनी त्या दिवसापासून स्वतःचा शकही मोजायला सुरुवात केली. तिथेही वेताच्या तलवारींनी लढतात, आणि घाव खरा की नाही हे ज्याला लागला तोच सांगतो.

डेव्हिड ह्यूम म्हणतो, की नाव वल्हवणारे दोघे एकमेकांना कसलंही वचन दिलेलं नसताना एका लयीत वल्ही मारतात. संकेत असे तयार होतात: तू मारतोस म्हणून मी मारतो. परसातल्या मेजवानीची संस्था होते ती दुसऱ्यांदा भेटल्यावर, तिसऱ्यांदा भेटल्यावर. शत्रू सापडला की माणसं गोळा होतात, हे खरं. पण तो हरला की पांगतातही. वल्ह्याची लय मात्र राहते.

तुम्ही म्हणाल, सर, घट्ट गट म्हणजे सगळं गोडच का? अजिबात नाही. जितका गट घट्ट, तितकं 'मला हे सहन होत नाही' म्हणणं अवघड. सगळे रंगात आलेत, आपण बेरंग कसा करायचा? उत्तर युरोपातल्या लार्पवाल्यांनी यावर बराच विचार केला आहे. १९९७ मध्ये ऑस्लोत त्यांचा 'क्नूटेपुंक्ट' हा मेळावा सुरू झाला, तो पुढे चार देशांत फिरता राहिला. त्या परंपरेत दोन शब्द रूढ आहेत: 'कुट' म्हटलं की खेळ तिथल्या तिथे थांबतो, आणि 'ब्रेम्स', म्हणजे ब्रेक, म्हटलं की समोरच्यानं जरा सबुरीनं घ्यायचं. आपलं 'टाइम प्लीज' हो, दुसरं काय!

पण याचं तात्त्विक वजन पाहा. टाइम प्लीज म्हणणारा डाव मोडत नाही. तो डावातच आहे, आणि परत येणार आहे. 'लागला' म्हणणारा आणि 'थांबा' म्हणणारा, दोघंही स्वतःचं दुखणं स्वतः सांगतात आणि बाकीचे पुरावा न मागता विश्वास ठेवतात. मी याला आपलेपणा म्हणेन. ज्या गटात 'थांबा' म्हणणारा दुसऱ्या दिवसापासून लिंबूटिंबू होतो, त्याला खेळायला घेतात पण मोजत नाहीत, तो गट बाहेरून कितीही एकजीव दिसो, धाकावर चाललेला असतो. अशा गटांना शत्रूची गरज फार लागते. हे मैदानाबाहेरच्या गटांनाही लागू आहे. पक्ष, पंथ, मंडळं, कुटुंबं, उदाहरणं तुमची तुम्ही घाला.

म्हणून 'डार्कॉन' जरूर पाहा. बॅनॉरची भाषणं ऐका, ती चांगलीच आहेत. पण लढाई सुरू झाली की नायकाकडे बघू नका. कडेला, गवतावर, कुणी न सांगता जाऊन बसलेली माणसं शोधा. त्यांनी उठून 'मला नाही लागला' म्हटलं असतं, तर दिग्दर्शकांना चित्रित करायला राष्ट्रच उरलं नसतं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.