रिकामी बाके आणि दाराबाहेरचा विद्यार्थी

गेली दहाएक वर्षे खासगी शिक्षणसंस्थांचे चालक एकच गाऱ्हाणे घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढत आहेत : मुले मिळत नाहीत. गाऱ्हाणे खोटे नाही. देशातल्या अभियांत्रिकीच्या जागा २०१४-१५ साली ३१ लाखांच्या वर गेल्या होत्या. २०२१-२२ पर्यंत त्या २४ लाखांच्या आत आल्या. मधल्या काळात जवळपास निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला २०२० पासून काही वर्षे नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देणेच थांबवावे लागले. बाके आहेत, बसायला कोणी नाही, अशी ही अवस्था.

आणि त्याच महाविद्यालयाच्या कार्यालयाच्या खिडकीशी बौद्धवाड्यातला, मांगवाड्यातला मुलगा जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन उभा असतो. खिडकीतून त्याला विचारले जाते, 'शिष्यवृत्ती येईपर्यंत फी कोण भरणार?' रिकामे बाक आणि हा मुलगा ह्यांची गाठ का पडत नाही? चालकांच्या गाऱ्हाण्यात हा प्रश्न नाही. म्हणून तो आपण विचारायचा.

साहित्याच्या अभ्यासकांना शासन निर्णय वाचण्याची सवय नसते. ती लावून घेतली पाहिजे. कवितेतला एक शब्द चुकला तर कविता बिघडते. शासन निर्णयात एक शब्द घातला तर एका पिढीची वाट बंद होते. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि 'विनाअनुदानित' हा शब्द घरोघरी गेला. शासनाजवळ पैसा नाही, मुले परप्रांतात जाऊन देणग्या भरतात, मग इथेच महाविद्यालये का काढू नयेत, असा तो युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. पण महाविद्यालये कोणी काढली? ज्यांच्या हाती साखर कारखाना, जिल्हा बँक आणि जमीन होती, बव्हंशी त्यांनीच. कॅपिटेशन फीविरुद्ध १९८७ चा कायदा करावा लागला, यातच पहिल्या चार वर्षांचा सगळा इतिहास आला.

पुढे त्या शब्दाला आणखी एक शब्द चिकटला : 'कायम'. कायम विनाअनुदानित. म्हणजे आज नाही आणि उद्याही नाही. शाळांच्या बाबतीत २००९ साली शासनाने हा 'कायम' काढून टाकला. महाविद्यालयांच्या कपाळावर तो राहिला. तिथले प्राध्यापक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासावर मजुरी. शेतमजुराला निदान रोजावर तरी मोजतात.

आता तिसरा शब्द आला आहे, 'स्वयंअर्थसहाय्यित'. महाराष्ट्रात २०२३ साली ह्या नावाच्या विद्यापीठांचा कायदा झाला. शब्द मोठा देखणा आहे. पण ह्यातला 'स्वयं' कोण? संस्थाचालक आपल्या खिशातून विद्यापीठ चालवतो काय? फी बाप भरतो, दीड एकर विकून किंवा बँकेचे कर्ज काढून. हा 'स्वयं' म्हणजे ज्याचे नाव विद्यापीठाच्या कोणत्याच फलकावर नाही असा माणूस. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच दाखवून दिले होते, की रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. तेव्हा पैसा निदान सरकारी तिजोरीतून फिरून जात होता. आता मधली तिजोरीही गेली.

न्यायालयांनी काय केले तेही पाहू. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ साली अकरा न्यायमूर्तींनी शिक्षणसंस्था काढणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. २००५ साली इनामदार खटल्यात (तो आपल्या महाराष्ट्रातलाच) सात न्यायमूर्तींनी सांगितले, की विनाअनुदानित खासगी संस्थांवर शासनाला आरक्षण लादता येणार नाही. ह्यावर संसदेने त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती केली, कलम १५(५) आले. महाराष्ट्राने २००६ साली त्याआधारे खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत आरक्षणाचा कायदा केला, अल्पसंख्याक संस्था वगळून. कार्यकर्त्यांनी पेढे वाटले, आणि त्यांत गैर काही नव्हते. परंतु केंद्राने सबंध देशातल्या खासगी उच्च शिक्षणासाठी तसा कायदा केला नाही. दुरुस्तीला जवळजवळ वीस वर्षे झाल्यावर, २०२५ साली, संसदेच्या स्थायी समितीला तो करा अशी शिफारस करावी लागली. देशातल्या ज्या नामवंत खासगी संस्थांना 'श्रेष्ठता संस्था' म्हणून गौरवले आहे, त्यांच्यात अनुसूचित जातींचे विद्यार्थी शंभरात एकही भरत नाहीत, असे तिला आढळले. ह्या संस्थांना मुले मिळत नाहीत अशी तक्रार नाही, हे लक्षात घ्यावे.

म्हणजे खासगी महाविद्यालय ही एक जात नाही. तिच्यातही उतरंड आहे. वरच्या पायरीवरची विद्यापीठे आपल्या मुलाकडे पाहतच नाहीत. खालच्या पायरीवरची, जिल्ह्या-तालुक्यातली महाविद्यालये आपल्या मुलावरच जगतात. आपल्या पुढाऱ्यांनी बोलायचे टाळले आहे ते हे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सुरू झाली. अस्पृश्य मुलाला महाविद्यालयाची पायरी चढता यावी एवढाच तिचा हेतू. आज त्या शिष्यवृत्तीतली आणि शुल्क प्रतिपूर्तीतली रक्कम हा कित्येक विनाअनुदानित संस्थांचा कणा झाला आहे. संस्थेच्या हिशेबात आपला मुलगा विद्यार्थी नसून येणे बाकी आहे.

मग येणे थकले की काय होते? पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. पण पैसा दोन-दोन वर्षे उशिरा येतो, आणि संस्था विद्यार्थ्याकडून हमीपत्र लिहून घेते, परीक्षेचा अर्ज अडवते, दाखला अडकवून ठेवते. केंद्राने २०२० च्या डिसेंबरात आपला वाटा साठ टक्के ठरवला आणि तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकण्याचे ठरले. ऐकायला हे स्वाभिमानाचे वाटते. प्रत्यक्षात शासन आणि संस्था ह्यांच्यातला तगादा मुलाच्या दारात आणून ठेवला गेला. खात्यात पैसे कधी येतील हे त्याला ठाऊक नसते; महाविद्यालयाची नोटीस मात्र तारखेसकट येते. त्यात उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. नवरा-बायको दोघेही नगरपालिकेच्या झाडूकामावर कायम असतील तर ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

शासन फी देते तेव्हाही कोणाला वगळते ते पाहावे. २०२४ च्या जुलैत मुलींना व्यावसायिक शिक्षण मोफत केल्याचा मोठा गाजावाजा झाला. निर्णयाच्या कंसात एक ओळ आहे : खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळून. एकीकडे नव्या शिक्षणाची वाट शासनाने त्याच विद्यापीठांकडे वळवायची आणि दुसरीकडे कंस टाकून गरिबाच्या मुलीला तिथून परत पाठवायचे! मराठी गद्यात कंसाने इतके काम क्वचितच केले असेल.

कोणी म्हणेल, मग खासगी संस्था नकोतच. मी तसे म्हणत नाही. मिलिंद महाविद्यालय खासगीच होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली निघाली, १९४६ साली मुंबईत लष्करी बराकींमध्ये सिद्धार्थ भरले, १९५० साली औरंगाबादेत मिलिंद. सिद्धार्थने वर्ग पहाटे भरवले, कारण मुलगा दिवसा नोकरी करत होता. इथे विद्यार्थ्याचे घड्याळ पाहून महाविद्यालयाने आपले घड्याळ लावले. मिलिंदमध्ये म. भि. चिटणीस, म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे ह्यांच्यासारखी माणसे होती आणि खेड्यातून पायी आलेली पोरे होती; दलित साहित्य ज्या मातीत वाढले तिच्यात नागसेनवनाची माती मोठी आहे. भाऊराव पाटलांची रयतही खासगीच. स्वतंत्र संस्था म्हणजे सरकारच्या मर्जीपासून स्वतंत्र, हा तेव्हाचा अर्थ. आज स्वतंत्र म्हणजे समाजाच्या देण्यापासून स्वतंत्र. आपल्या संस्थांनाही ह्यातून सुटका नाही. बाबासाहेबांच्या संस्थेच्या विश्वस्तपदाचे वाद न्यायालयापर्यंत गेले, हे सर्वांना माहीत आहे. दुसऱ्यांच्या दुकानदारीवर लिहिताना हे लपवण्यात अर्थ नाही.

नवे शैक्षणिक धोरण (२०२०) २०४० पर्यंत प्रत्येक संस्थेत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावेत असे उद्दिष्ट सांगते. तालुक्यातल्या चारशे मुलांच्या महाविद्यालयाचे काय? ते विलीन होईल किंवा बंद पडेल. मुलगा वसतिगृह शोधत जिल्ह्याला जाईल. मुलीला घरचे जाऊ देतील काय, हे धोरण लिहिणाऱ्यांनी विचारलेले दिसत नाही. लहान महाविद्यालये वाईट आहेत, हे मला कोणी सांगायला नको. पण त्यांचा उपाय त्यांना मारणे हा नव्हे. त्यांना अनुदान द्या, पूर्ण वेळ शिक्षक द्या, आणि शिष्यवृत्तीचा पैसा प्रवेशाच्याच महिन्यात द्या, ही मागणी संघटनांनी का लावून धरू नये? आरक्षणाच्या टक्क्यांवर आपण मोर्चे काढतो; फीच्या तारखेवर नाही.

मी काही वर्षे अशाच एका महाविद्यालयात तासिकेवर शिकवले. मे महिन्यात आम्हां प्राध्यापकांना गावे वाटून दिली जात. ज्याने जास्त प्रवेश आणले त्याचे तास पुढल्या वर्षी टिकत. निघताना सांगितले जाई, 'आधी त्यांच्या वस्तीत जा, त्यांची फी सरकार देते.' मी त्या वस्तीतलाच आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक होते. एका घरी मुलगा बारावी पास होऊन बसला होता. थोरल्याचा दाखला फी न आल्यामुळे दोन वर्षे दुसऱ्या एका महाविद्यालयात अडकलेला. मुलाच्या आईने चहा ठेवला आणि विचारले, 'सर, सरकार पैसं कुणाला देतंय? माझ्या पोराला का तुमच्या कॉलेजला?'

मी फॉर्म तसाच पिशवीत घातला आणि चहा प्यालो. त्या वर्षी माझ्या यादीत सहा नावे होती. तास अर्धे झाले.