सात जण, पाच नावं

शेरवुड श्वार्ट्झचं नाव निघालं की 'गिलिगन्स आयलंड' ही मालिका किती बाळबोध होती, इथूनच चर्चा सुरू होते. होतीच बाळबोध. 1964 मध्ये समीक्षकांनी तिला झोडपलंही. पण त्याच्या कामातली खरी अभ्यासण्यासारखी गोष्ट मला तिचं शीर्षकगीत वाटते.

श्वार्ट्झ (1916–2011) मुळात जीवशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात आलेला. भाऊ अल बॉब होपच्या रेडिओ कार्यक्रमासाठी लिहायचा. यानेही काही विनोद लिहून दिले, ते चालले आणि जीवशास्त्र राहिलं बाजूला. (पीएचडीवाल्यांनो, मार्ग मोकळा आहे!) पुढे रेड स्केल्टनच्या कार्यक्रमासाठी लेखन आणि 1961 चं एमी. म्हणजे हा काही पेशाने गीतकार नव्हता, गरज पडली म्हणून गाणं लिहायला बसला.

गरज अशी, की ही माणसं बेटावर कशी अडकली हे दर आठवड्याला नव्या प्रेक्षकाला कसं कळणार, अशी सीबीएसच्या अधिकाऱ्यांना शंका होती. श्वार्ट्झने ते गाण्यातच सांगून टाकलं. संगीतासाठी जॉर्ज वाइल सोबत होता. कविता म्हणून हे शब्द फुसके आहेत. पण कथासार म्हणून ऐका: सहल, वादळ, बेट, पात्रं, सगळं मिनिटभरात. 1969 च्या 'द ब्रॅडी बंच'च्या गाण्यातही त्याने हेच केलं.

आता माझी तक्रार. बेटावर सात जण, आणि पहिल्या हंगामातलं गाणं ओळख करून देतं पाचांची. प्रोफेसर आणि मेरी अ‍ॅन यांना 'उरलेले' म्हणून गुंडाळलंय. दुसऱ्या हंगामापासून त्यांचा उल्लेख आला. त्याचं श्रेय सहसा गिलिगनची भूमिका करणाऱ्या बॉब डेन्व्हरच्या आग्रहाला दिलं जातं. पण त्या किश्श्यावर विसंबायची गरज नाही. दोन्ही हंगामांची गाणी पाठोपाठ ऐका. चाल तीच आहे आणि दोघं तिच्यात आरामात बसतात. म्हणजे 'मीटरमध्ये जागा नव्हती' ही सबब गेली. कोण मुख्य आणि कोण दुय्यम हे आधीच ठरलेलं होतं, आणि गाण्याने ते निमूटपणे पाळलं. श्वार्ट्झच्या 1988 च्या आठवणींच्या पुस्तकापेक्षा मी या पुराव्यावर जास्त भिस्त ठेवेन.

हे लिहिताना माझ्याच प्रबंधाच्या मसुद्यातले 'व इतर' मोजले. अकरा निघाले. त्यातल्या चार ठिकाणी ते इतर कोण, हे मी कधी उघडूनच पाहिलं नव्हतं.