न दिसणारा स्ट्रोक: टक्के सोडा, माणसं मोजा



आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि घरात एकच धास्ती: "या वयात पूर्ण भूल दिली की डोक्यावर परिणाम होतो!" मामाने पुरावा म्हणून एक बातमी पाठवली. मी बातमीमागचा मूळ शोधनिबंध उघडला: न्यूरोव्हिजन, 'लॅन्सेट', 2019. संशोधनाची तयारी करत असाल तर हा जरूर वाचा, पण हातात पेन घेऊन.

65 किंवा त्याहून जास्त वयाच्या 1114 रुग्णांवर आधीच ठरवून शस्त्रक्रिया झाली होती (हृदयाची सोडून). त्यानंतर काही दिवसांत सगळ्यांचा मेंदूचा एमआरआय केला. 78 जणांत, म्हणजे 7 टक्क्यांत, लक्षणं न दिसणारा स्ट्रोक सापडला. वर्षभराने अशांपैकी 42 टक्के जणांची आकलनक्षमता घटलेली होती. स्ट्रोक नसलेल्यांत 29 टक्के.

जमेची बाजू मोठी आहे. लक्षणांची वाट न बघता सगळ्यांना तपासलं, आणि एमआरआय वाचणाऱ्या तज्ज्ञांना रुग्णाची माहिती दिलेली नव्हती.

आता टक्के सोडा, माणसं मोजा. 42 टक्के म्हणजे 69 पैकी 29 जण. 29 टक्के म्हणजे 932 पैकी 274. एकूण 303 जणांची क्षमता घटली, त्यातल्या 274 जणांना असा स्ट्रोक नव्हताच! म्हणजे दर दहांतल्या नऊ जणांच्या घटीचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. शिवाय 1114 पैकी 1001 जणांचीच वर्षाअखेरची नोंद या हिशोबात आहे.

दुसरी अडचण रचनेची. ऑपरेशनआधीचा एमआरआय नाही, त्यामुळे काही डाग आधीचेही असू शकतात. ऑपरेशन न झालेल्यांचा गट नाही, त्यामुळे यातली किती घट निव्वळ वयाची, हे कळत नाही. आणि भुलीच्या प्रकारांची तुलना हा या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. "भुलीमुळे स्ट्रोक" हे बातमीने स्वतःच जोडलेलं.

मग निबंध निरुपयोगी का? मुळीच नाही. ऑपरेशननंतर भ्रमावस्था झालेल्यांचं प्रमाण स्ट्रोकवाल्यांत 10 टक्के होतं, इतरांत 5 टक्के. म्हणून घरी एवढंच सांगितलं: भुलीला दोष देऊ नका, पण ऑपरेशननंतर आजी गोंधळल्यासारखी वाटली तर "वय झालंय" म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

पुढचा निबंध वाचताना प्रत्येक टक्क्याखालचा छेद शोधा. तिथेच खरी गोष्ट असते.