तबकडीची तालीम

केसरबाई केरकरांनी आपली गायकी फार जपली. धोंडूताई कुलकर्णींखेरीज फारसे कुणाला शिकवले नाही. त्याच केसरबाई आज यूट्यूबवर, कुणा हौशी संग्राहकाने चढवलेल्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून, वाटेल त्याला गाऊन दाखवतात. भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत छापल्या, १९२६ साली लखनौला विद्यालय निघाले. पण पुस्तकात आवाज नव्हता. आता तो आहे, आणि विद्यापीठातला मुलगा एकच राग चार घराण्यांत ऐकून वर्गात येतो, हे मला भाग्यच वाटते. मात्र मी पडलो शाळामास्तर! तान उचलताना मुलाचा गंधार उतरला, तरी केसरबाई पुढे गातच राहतात. तो तशीच तान दुसऱ्या दिवशी स्वतः चढवतो. त्याला तिथल्या तिथे थांबवणे हे अध्यापकाचे काम. अभ्यासक्रमात नेमका त्यालाच तास नसतो.