महिकावतीची बखर आणि साष्टी बेट

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं इ. स. 1924 त प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर मुंबई-साष्टीच्या इतिहासाचें एक मुख्य साधन होऊन बसली आहे. तिची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु तिच्यांतील स्थलवर्णन व कालक्रम हीं दोन्ही सारख्याच विश्वासानें स्वीकारण्याचा प्रघात मात्र आम्हांस मान्य नाहीं.

बखर एका हातची नाहीं. जुना भाग केशवाचार्याचा, शके 1370 च्या सुमाराचा. पुढें इतरांनीं त्यांत गद्यपद्य भर घातली. प्रतापबिंब मात्र शके 1060 त कोंकणांत आला असें ती सांगते. म्हणजे घटना व तिची नोंद यांत तीन शतकांचें अंतर पडलें.

आतां परळ येथील शिलालेख पाहा. तो शके 1108 चा, म्हणजे इ. स. 1187 चा असून त्यांत शिलाहार राजा अपरादित्य याचें नांव आहे. षट्षष्टि प्रांतांतील महवली गांवच्या बागेच्या उत्पन्नांतून वैद्यनाथ देवास दिलेलें दान त्यांत नमूद आहे. महवली हें कुर्ल्याच्या आसपासचें, म्हणजे आमच्या घाटकोपराच्या शेजारचें गांव असावें असें मत आहे. बखर खरी मानल्यास त्या वेळीं या बेटावर बिंबकुळाचा अंमल असावयास पाहिजे. शिळा तर शिलाहारांचें राज्य सांगते. बिंब म्हणजे देवगिरीच्या यादवांपैकीं भीमदेव, व तो इ. स. 1294 नंतर आला, असें मानल्यास ही अडचण टळते. पण मग बखरीचा शक सोडावा लागतो.

गंमत ही कीं, जी शिळा बखरीच्या कालक्रमाविरुद्ध साक्ष देते, तीच तिच्या भूगोलास आधार देते. षट्षष्टि म्हणजे सहासष्ट गांवांचा प्रांत. त्याचीच लोकांनीं साष्टी केली. तें नांव बखरीपूर्वीं अडीचशें वर्षें राजशासनांत रूढ होतें. याचें कारण उघड आहे. वंशाचा काळ मागें नेण्यांत वंशजांचा मान वाढतो. गांवाचें नांव बदलून वतनदारास कांहींच मिळत नाहीं.

वसई, ठाणें व माहीम येथील खाड्यांनीं वेढलेलें हें बेट आज बेट म्हणून ओळखूं येत नाहीं. इ. स. 1805 त शीवचा व 1845 त माहीमचा बांध झाला, 1853 त आगगाडी आली, 1950 त घाटकोपर मुंबईच्या महापालिकेंत गेलें. खाडीच्या पलीकडचें गांव कोणतें, हें आतां जमीन पाहून कळत नाहीं. तें कागदांतच शोधावें लागतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, बखरीची एखादी नवी प्रत किंवा गांवांची यादी हातीं आल्यास तींतील नांवें आजच्या रूपांत बसवूं नयेत. जशीं असतील तशींच छापावीं. शकाची चूक दुसरी शिळा दाखवून देईल. पुसलेलें गांव पुन्हां कोण दाखविणार?