रेडकाच्या बाजूने

मालाडला मावशीकडे दोन अनुबोधपट लागोपाठ पाहण्याचा योग आला. पहिला, डेरेक व बेव्हर्ली जूबेर या दांपत्याचा ‘द लास्ट लायन्स’ (२०११). बोट्स्वानातील ओकावांगोच्या पाणथळ मुलखात मा दी ताउ ही सिंहीण बछड्यांसाठी रानरेड्यांच्या कळपाशी झुंजते. छायाचित्रण अप्रतिम आहे, याविषयी दुमत संभवत नाही. पण सिंहिणीला नाव आहे, पूर्वायुष्य आहे, मातृत्व आहे. कळपाला मात्र केवळ शिंगे आहेत. जेरेमी आयर्न्सचा धीरगंभीर आवाज असा, की शिकार फसली की आपण हळहळावे. मीही हळहळलो. मावशी हळहळली नाही. तिचे बालपण आरे कॉलनीतल्या गोठ्यांशेजारी गेलेले. ती एवढेच म्हणाली, “अरे, त्या म्हशीलाही पोर असेल की!”

दुसरा ‘बॅटल ॲट क्रूगर’. दक्षिण आफ्रिकेत २००४ साली एका पर्यटकाने टिपलेली अवघी आठेक मिनिटे. निवेदक नाही, फक्त चकित झालेल्या माणसांचे आवाज. सिंह रेडकू धरतात, ते पाण्यात पडते, मगर त्याला ओढते, सिंह पुन्हा हिसकावतात. आणि मग कळप परत फिरतो, एका सिंहाला शिंगांवर उडवतो, रेडकू उठून चालू लागते. मावशीने टाळी वाजवली.

भूक तीच, प्राणी तेच. फरक कॅमेरा कोणाच्या अंगणात उभा आहे एवढाच. हौशी चित्रण अधिक खरे, असे मात्र मी म्हणणार नाही. रेडकू मेले असते, तर ती आठ मिनिटे जगभर फिरली असती काय? तिथे निवड प्रेक्षकांनी केली, इतकेच.

सिंहाची बाजू घेणे आपल्याला सोपे जाते. नवरात्रात देवीचे वाहन सिंह आणि पायाशी महिष, हे चित्र मनात ठसलेले असते. पण याच मुलखात शिवेवरच्या म्हसोबालाही शेंदूर लागतो. दोन्ही बाजू ठाऊक असलेल्या समाजाने एकाच बाजूचे निवेदन निमूट ऐकून घ्यावे, हे मला खटकते.

आणि हा प्रश्न केवळ कलेचा नाही. मालाडच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानात बिबळे वावरतात. ‘प्लॅनेट अर्थ २’ने (२०१६) मुंबईचे बिबळे रात्रीच्या अंधारात डुकरे मारताना दाखवले, आणि आपण घरात बसून थरारलो. उद्यानाच्या कुंपणालगत ज्यांना मुले वाढवायची आहेत, त्यांना तो थरार परवडत नाही. बिबळ्याची भूक खरी आहे. त्यांचे भयही खरे आहे. दोन्ही एकाच चौकटीत मावतील असा अनुबोधपट मला पाहायचा आहे. मावशीशेजारी बसून.