बन्या मोठा झाला, पण कुणासाठी?

परदेशात मुलांना मराठी ऐकवायचं म्हटलं की आपण आधी सिनेमा शोधतो. इथे मस्कतमध्येही तेच. शुक्रवारची सुट्टी, बाहेर ऊन, मग घरात ‘फास्टर फेणे’ (२०१७). आदित्य सरपोतदार यांचा हा सिनेमा तुम्ही पाहिला असेलच. अमेय वाघ, गिरीश कुलकर्णी, वेग, रहस्य. सिनेमा चांगलाच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे: तो मुलांसाठी आहे का?

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनमध्ये शिकणारा शाळकरी पोरगा. किडकिडीत, सायकलवेडा. गोष्टींतली गंमत त्याच्या हुशारीत नाही, त्याच्या वयात आहे. संकट मोठं, अंगकाठी लहान, आणि मोठी माणसं ऐकून घ्यायला तयार नाहीत. वाचणारं दहा वर्षांचं मूल मनात म्हणतं, ‘अरे, माझंही कुणी ऐकत नाही!’ तिथेच नातं जुळतं.

सिनेमातला बन्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसलेला तरुण आहे. परीक्षेच्या वेळी भेटलेला मुलगा मरतो, आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवलं जातं, बन्याला ते पटत नाही. व्यापम घोटाळा ज्यांना आठवतो त्यांना हा विषय किती खरा आहे ते कळेल. पण ही भीती सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची आणि त्याच्या आईबापांची आहे. दिलीप प्रभावळकर खुद्द भागवतांच्या भूमिकेत येतात तेव्हा आपल्याला भरून येतं; ज्या मुलाने पुस्तक वाचलेलंच नाही, त्याला ते फक्त एक प्रेमळ आजोबा वाटतात. म्हणजे सिनेमा कुणाशी बोलतोय? लहानपणी फेणे वाचून मोठ्या झालेल्यांशी.

मॉरिस सेंडाकच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’चं उदाहरण घ्या. १९६३ चं हे चित्रपुस्तक जेमतेम काही वाक्यांचं. स्पाइक जोन्झने २००९ मध्ये त्याचा पूर्ण लांबीचा सिनेमा केला. तोही बराच मोठ्यांच्या उदासीचा झाला, पण त्याने मॅक्सला लहानच ठेवलं. राग लहान मुलाचाच राहिला.

पुस्तकं निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. चीनच्या युद्धात बन्याला नेणाऱ्या ‘जवानमर्द फास्टर फेणे’तली देशभक्ती आज एकरेषीय वाटते, आणि मुलींना कामं कमीच मिळतात. इथे सिनेमा पुढे आहे; पर्ण पेठेची अबोली पत्रकार आहे, तिला स्वतःचं डोकं आहे.

तरीही मस्कतच्या मुलांसाठी मी पुस्तकालाच मत देईन. इथलं बालपण गाडीच्या मागच्या सीटवर जातं: शाळा, क्लास, मॉल, घर. एकट्याने सायकल काढून गावाबाहेर जाणं ही त्यांच्यासाठी परीकथाच. वाघ-राक्षसांपेक्षा ती जास्त अद्भुत आहे, कारण असं खरंच घडू शकत होतं. भाषा अडेल. मग तुम्ही मोठ्याने वाचा, अडलेला शब्द सांगा, आणि ‘ट्टॉक’ मात्र त्यांना करू द्या. तो समजायला मराठी यावी लागत नाही.

सिनेमा कुठे पळून जात नाही. मुलं परीक्षांना घाबरायच्या वयाची झाली की दाखवा. तोवर त्यांच्याच उंचीचा बन्या त्यांना भेटलेला असू दे.